उदगीरला आजारी जनावर नेतो. पोरगं का नेत नाही?



'बैल गेला आणि झोपा केला' ही म्हण आपण नेहमी दुसऱ्याला ऐकवतो. आज मी ती माझ्याच घरापासून सांगतो.

मी तेव्हा सातवीत होतो. आमच्या दावणीला देवणी बैलांची जोडी होती. सोयाबीनची मळणी होऊन खळ्यावर रास पडलेली. रात्री एका बैलानं दावं तोडलं आणि राशीला तोंड लावलं. सकाळी बघतो तर पोट फुगलेलं, रवंथ बंद, बैल दात खातोय. वडिलांनी गावातल्या एका जाणत्या माणसाला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पैसेही त्यानं घेतले नाहीत. त्यानं वेसण वर ओढून बैलाचं तोंड आभाळाकडं केलं, जीभ बाहेर ओढून धरली आणि गोडेतेलाची बाटली घशात रिकामी केली. बैल ठसकला. तो म्हणाला, "ठसकतंय म्हणजे उतरतंय." तिसऱ्या दिवशी बैल धापा टाकत, नाकातून फेस गाळत गेला. दुसरा बैल वडिलांनी महिन्याभरात विकला. एका बैलावर शेती होत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

पुढं कित्येक वर्षांनी, नोकरीत आल्यावर, मी शेतकऱ्यांना घेऊन एका प्रशिक्षणाला गेलो. तिथं पशुवैद्यक डॉक्टरांनी सांगितलं, "जनावराला औषध पाजताना तोंड फार वर करू नका. जीभ ओढू नका. जीभ ओढली की त्याला गिळता येत नाही. औषध अन्ननलिकेत न जाता श्वासनलिकेत जातं आणि फुप्फुसात उतरतं. ठसका लागला की हात थांबवा, तोंड मोकळं सोडा." बाकावर बसल्या बसल्या मला आमचा बैल आठवला. सोयाबीननं तो गेला असता की वाचला असता, ते सांगता येत नाही. पण त्या तेलानं त्याची वाट लावली, हे त्या दिवशी कळलं. चार वाक्यांचं शिक्षण, आणि आमच्या घरी ते पोचायला इतकी वर्षं लागली.

म्हणून आजचा विषय जनावरांच्या रोगाचा नाही. तो शिक्षणाचा आहे. जनावरांबद्दल शिकायचं कुठं, कोणी शिकायचं आणि आपल्या औसा तालुक्यातल्या माणसानं त्यासाठी काय करायचं, एवढंच सांगायचं आहे. मी स्वतः कृषी पदविकेचा माणूस. पिकाचं थोडंफार कळतं. जनावरांची डॉक्टरकी माझी नाही. पण कोणतं दार कुठं आहे, हे दाखवणं माझं काम आहे.

उदगीर आपल्याला कधी आठवतं?

औशाहून लातूर वीस किलोमीटर, लातूरहून उदगीर साधारण पासष्ट. या उदगीरला १९८७ सालापासून पशुवैद्यक व पशुविज्ञान महाविद्यालय आहे. आधी ते परभणीच्या कृषी विद्यापीठाकडं होतं. २००० साली नागपूरला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालं, तेव्हापासून ते त्या विद्यापीठाकडं आहे. परभणीचं पशुवैद्यक महाविद्यालय त्याहून जुनं, १९७२ चं. मुंबईचं तर १८८६ चं. म्हणजे सगळ्या महाराष्ट्रात ज्या मोजक्या ठिकाणी जनावरांचे डॉक्टर तयार होतात, त्यांतली दोन ठिकाणं आपल्या मराठवाड्यात आहेत. त्यांतलं एक आपल्याच जिल्ह्यात.

पण उदगीर आपल्याला आठवतं कधी? गावातले सगळे उपाय थकल्यावर. गाय अडली, दोन दिवस गावात हातघाई झाली, वासरू पोटात मेलं, मग टेम्पो ठरवायचा आणि निघायचं. तिथले डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, "कधीपासून?" आपण मान खाली घालून सांगतो, "परवापासून." त्या परवाच्या दिवशी काय करायला हवं होतं, हे शिकवणारी जागाही तीच आहे. आपण तिच्या दवाखान्याच्या दारानं आत जातो, वर्गाच्या दारानं नाही.

अशा विद्यापीठाची कामं तीन असतात : शिकवणं, संशोधन करणं आणि केलेलं संशोधन शेतकऱ्यापर्यंत पोचवणं. या तिसऱ्या कामासाठी महाविद्यालयात विस्तार शिक्षणाचा स्वतंत्र विभाग असतो. शेतकऱ्याचं पहिलं दार तेच. तिथं पत्र टाकलं, किंवा जाऊन नाव नोंदवलं, तर पुढचं प्रशिक्षण कधी, किती दिवसांचं, फी किती, राहण्याची सोय आहे का, हे कळतं. या चारही गोष्टी आधी विचारून घ्या. नुसतं 'ट्रेनिंग आहे' म्हणून कोणाच्या मागं जाऊ नका.

संशोधनानं आपल्या गोठ्यात काय आणलं?

कोणी म्हणेल, संशोधन म्हणजे काचेच्या नळ्या आणि इंग्रजी पुस्तकं. आपल्याला त्याचं काय? मंडळी, गावातल्या म्हाताऱ्या माणसाला 'बुळकांडी' हा शब्द विचारा. या रोगानं गावंच्या गावं रिकामी व्हायची. हगवण लागून दावणीची दावण आठवड्यात साफ व्हायची. आज तिशीच्या आतल्या शेतकऱ्यानं बुळकांडीचं जनावर डोळ्यानं पाहिलेलं नाही, कारण हा रोग राहिलाच नाही. भारतात त्याची शेवटची साथ १९९५ साली झाली. २००६ साली देश बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ साली सगळं जग. माणसाच्या देवीनंतर पृथ्वीवरून पुसून टाकलेला हा दुसराच रोग.

ही लढाई ज्या संस्थेनं भारतात पुढं राहून लढली, तिचा जन्म आपल्या पुण्यातला आहे. १८८९ साली पुण्यात जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा निघाली. रोगजंतूंशी खेळ वस्तीपासून लांब असलेला बरा, म्हणून १८९३ साली ती हिमालयाच्या पायथ्याकडं, कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला नेली. पुढं बरेलीजवळ इज्जतनगरला तिचा मोठा पसारा झाला. तीच आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था. बुळकांडीची लस मुक्तेश्वरला शेळ्यांच्या मदतीनं तयार झाली, ती १९२० च्या दशकात. १९८३ सालापासून या संस्थेला विद्यापीठाचा दर्जा आहे. तिथं पदव्युत्तर आणि पीएच.डी.चं शिक्षण मिळतं. तिचं प्रशिक्षण व शिक्षण केंद्र आता पुण्यातही आहे. जिथून निघाली, तिथं ती पुन्हा शिकवायला आली म्हणायची.

पण लक्षात घ्या, लस नुसती प्रयोगशाळेत तयार होऊन भागत नाही. ती थंड पेटीत गावापर्यंत आणणारा, जनावर धरणारा, योग्य जागी टोचणारा, नोंद ठेवणारा माणूस लागतो. बुळकांडी गेली ती अशा हजारो शिकलेल्या हातांमुळं.

लम्पीच्या वर्षी काय दिसलं?

हे जुनं झालं असं वाटत असेल, तर २०२२ आठवा. ऑगस्टमध्ये जळगावकडं लम्पीची पहिली जनावरं दिसली आणि बघता बघता साथ राज्यभर पसरली. जनावरांचे बाजार बंद झाले. हाळी-हंडरगुळीसारखा बाजार ज्यांनी पाहिलाय, त्यांना बाजार बंद म्हणजे काय ते कळेल. पैशाची नड असतानाही बैल विकता येईना. शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांना टोचायची मोहीम निघाली. डॉक्टर कमी पडले, म्हणून पशुवैद्यक महाविद्यालयांतली शेवटच्या वर्षाची, आंतरवासितेतली मुलं-मुलीही लसीकरणाला उतरली. त्याच महिन्यात हिसारच्या अश्व संशोधन केंद्रानं आणि इज्जतनगरच्या संस्थेनं मिळून काढलेली खास लम्पीची देशी लसही जाहीर झाली.

त्या दिवसांत मी दोन तऱ्हेची गावं पाहिली. एका गावात लोकांनी भिऊन दूध ओतून दिलं, एकानं गाठी आलेली कालवड रात्रीतून माळावर सोडून दिली. दुसऱ्या गावात एक पोरगा नुकताच शेळीपालनाचं प्रशिक्षण करून आलेला. डॉक्टर नव्हता तो. पण त्यानं पारावर उभं राहून सांगितलं, "हा रोग माणसाला होत नाही. दूध उकळून प्या. आजारी जनावर वेगळं बांधा. रोग माश्या, डास, गोचिडांनी पसरतो, गोठा कोरडा ठेवा. आणि जनावर मोकळं सोडू नका." एवढं बोलणारा एक माणूस गावात असणं म्हणजे काय, ते मला त्या वर्षी कळलं.

शेतकऱ्यासाठी : थोड्या दिवसांचं शिक्षण

ज्याचं वय शाळेचं राहिलं नाही, त्यानं निराश व्हायचं कारण नाही. दोन दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंतची प्रशिक्षणं असतात : दुग्धव्यवसाय, शेळीपालन, कुक्कुटपालन, चारा, मुरघास. उदगीर आणि परभणीची महाविद्यालयं आहेतच. लातूरला कृषी विज्ञान केंद्र आहे. नांदेड जिल्ह्यात सगरोळीला आहे. शेळ्या-मेंढ्यांसाठी पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे. त्याची प्रक्षेत्रं आपल्या बाजूला मुखेड आणि अंबाजोगाईला आहेत. आपली उस्मानाबादी शेळी जुळी देण्यात नावाजलेली. तिच्याच मुलखात राहून शेळीचं शास्त्र आपल्याला ठाऊक नसावं, हे बरं नव्हे. लांब जायची तयारी असेल, तर पुण्याजवळ उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली उभी केलेली बायफ संस्था आहे.

दोन दिवसांत काय येणार, असं कोणी विचारतं. खाली चार गोष्टी देतो. माझ्यासमोर शेतकऱ्यांनी शिकलेल्या आहेत आणि चारीला पैसा लागत नाही.

पहिली, चिकाची. आपल्याकडं वार पडेपर्यंत वासराला पाजायचं नाही, असा समज आहे. तो सोडा. वासरू जन्मल्यावर अर्ध्या-एक तासात त्याच्या पोटात चीक गेला पाहिजे. रोगाशी लढायची ताकद त्याला चिकातूनच मिळते, आणि जसजसे तास जातात तसतशी ती ताकद पचवायची त्याच्या आतड्याची तयारी कमी होते. वार पडायची वाट बघत बसलो तर वासरू उपाशी राहतं आणि पुढं हगवणीत जातं.

दुसरी, माजाची. गाय साधारण एकवीस दिवसांनी माजावर येते. सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी भरवावी, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. एक माज हुकला की तीन आठवड्यांचा चारा फुकट गेला. म्हशीचा माज मुका असतो, म्हणून तिच्याकडं पहाटे आणि रात्री लक्ष ठेवावं लागतं.

तिसरी, कासेची. धार काढल्यावर सडाचं तोंड काही वेळ उघडं राहतं. जनावर लगेच शेणात बसलं, की रोग आत शिरतो आणि कास दगडासारखी होते. म्हणून धार झाली की पुढ्यात चारा टाकायचा, म्हणजे ते अर्धा तास उभं राहतं. धारही अंगठा दुमडून नव्हे, पूर्ण मुठीनं काढायची.

चौथी, लशीची. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याच्या आधी, मे-जूनमध्ये. रोग शेजारच्या गावात आल्यावर धावपळ करून उपयोग नसतो, कारण लस टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात.

आणि तोंड वर करून तेल पाजू नये, ही पाचवी. ती मी वर सांगितली.

बायकांना विसरू नका

एकदा मी प्रशिक्षणासाठी गावातून तीस नावं घेतली. तीसही पुरुष. यादी वाचून दाखवत होतो, तेवढ्यात ओट्यावरून एक बाई बोलल्या, "साहेब, धार मी काढते, शेण मी काढते, वैरण मी टाकते. आमचे मालक शिकून येणार आणि करणार कोण?" मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या वेळी यादीत बारा बाया होत्या. खरे प्रश्न त्यांनीच विचारले, कारण जनावराच्या अंगावर रोज त्यांचाच हात फिरतो. वासरानं सकाळी दूध सोडलं, शेळी कळपामागं राहायला लागली, म्हशीच्या एका सडाचं दूध फुटकं आलं, हे आधी त्यांना दिसतं.

उमेद अभियानात बचत गटांतून पशुसखी तयार केल्या जातात. शेळ्यांना जंतनाशक देणं, लसीकरणाला मदत करणं, गोठ्याची माहिती देणं अशी कामं त्या करतात. आपल्या गावात पशुसखी आहे का, हे एकदा विचारा. असेल तर तिला कामाला बोलवा. नसेल तर गटातल्या चुणचुणीत बाईचं नाव सुचवा. घरच्यांनी मात्र "दोन दिवस कुठं जातीस" म्हणून तिला अडवू नये.

दहावी-बारावी झालेल्या तरुणांसाठी

गावात राहून कमाई करायची असेल, तर कृत्रिम रेतनाचं प्रशिक्षण हा एक मार्ग आहे. राष्ट्रीय गोकुळ मिशनमध्ये 'मैत्री' नावानं गावपातळीवरचे तंत्रज्ञ तयार केले जातात. प्रशिक्षण साधारण तीन महिन्यांचं. थोडं वर्गात, बाकीचं प्रत्यक्ष जनावरांवर. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. नायट्रोजनच्या भांड्यातली कांडी बाहेर काढल्यापासून ती गाईपर्यंत पोचेपर्यंत हयगय झाली, की रेतन वाया गेलं आणि शेतकऱ्याचे एकवीस दिवस गेले. म्हणून हात स्वच्छ, वेळ पाळणारा आणि रात्री-अपरात्री उठणारा पोरगाच यात टिकतो.

आपल्याकडं हे काम करणाऱ्याची आणखी एक जबाबदारी आहे. देवणी ही आपल्या लातूर जिल्ह्याच्या देवणी गावाचं नाव देशभर नेणारी जात. तिच्यात वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तीन प्रकार ओळखले जातात. शेजारी कंधारची लाल कंधारी. ज्याच्या घरी चांगली देवणी गाय आहे, तिला कोणतं रेतन द्यायचं, हे नीट सांगणारा माणूस पाहिजे. हाताला लागेल ती कांडी भरली, तर दोन पिढ्यांत जात ओळखू येणार नाही.

त्यापुढची पायरी पशुसंवर्धनाच्या पदविकेची. पदविका झालेला तरुण पशुधन पर्यवेक्षकासारख्या पदांसाठी उभा राहू शकतो, दूध संघात, खाद्याच्या धंद्यात काम करू शकतो. पदविकेचं नाव, मुदत आणि प्रवेशाच्या अटी वेळोवेळी बदलत आल्या आहेत. शेजारचा पाच वर्षांपूर्वी कसा गेला ते ऐकून अर्ज करू नका. चालू वर्षाची माहितीपुस्तिका बघा.

नीट दिलेल्या लेकरांसाठी

आता लातूरच्या पालकांशी थोडं स्पष्ट बोलतो. आपल्या जिल्ह्यात नीटच्या तयारीला सगळ्या महाराष्ट्रातून पोरं येतात. आपल्याही गावची जातात. बाप वावर गहाण टाकतो, आई बांगड्या मोडते. एमबीबीएस हुकलं, की पोरगं घरात तोंड लपवून बसतं, नाहीतर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बसतं. त्याच नीटच्या गुणांवर पशुवैद्यकाच्या पदवीला प्रवेश मिळतो, हे किती घरांत माहीत आहे? मी विचारून पाहिलं आहे. फार थोड्या.

ही पदवी साडेपाच वर्षांची. साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष आंतरवासिता. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. आणि इथंच लोक फसतात : नुसती नीट देऊन भागत नाही. पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा प्रवेश अर्ज वेगळा भरावा लागतो. त्याची तारीख वर्तमानपत्रात आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावर येते. ती गेली की चांगले गुण असूनही वर्ष गेलं. अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर ही कागदं निकालानंतर पळापळ करून मिळत नाहीत. अकरावीतच तयार ठेवा.

पदवीनंतर पुढं काय? लोकसेवा आयोगामार्फत पशुधन विकास अधिकारी होता येतं. दूध संघ, कुक्कुट कंपन्या, बँका, विमा, लस तयार करणाऱ्या संस्था, सैन्याचं पशुवैद्यक दल, सगळीकडं हा माणूस लागतो. स्वतःचा दवाखाना काढता येतो. ज्याला संशोधनाची ओढ आहे, त्याला दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आणि पुढं पीएच.डी. करता येते, अखिल भारतीय परीक्षा देऊन इज्जतनगरला जाता येतं. उदगीरलाच दुग्धतंत्रज्ञान आणि मत्स्यविज्ञान ही आणखी दोन महाविद्यालयं आहेत, चार-चार वर्षांच्या पदवीची.

"ढोरांचा डॉक्टर होऊन काय करायचं?" असं अजून काही लोक म्हणतात. त्यांना एकच सांगणं. ज्याच्या घरी रात्री दोन वाजता गाय अडली आहे, त्याला विचारा, या माणसाची किंमत काय. आणि हे काम मुलींचं नाही, असंही म्हणू नका. आज पशुवैद्यक महाविद्यालयाच्या वर्गात जाऊन बघा, मुली पहिल्या बाकावर बसलेल्या दिसतील.

प्रशिक्षण म्हणजे डॉक्टरकी नव्हे

इथं एक सावधगिरीची गोष्ट. चार दिवसांचं प्रमाणपत्र भिंतीला लावून कोणी इंजेक्शनची पेटी घेऊन फिरायला लागला, तर ते बेकायदेशीर आहे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार उपचार करायचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाला आहे. पदविकाधारकानं किरकोळ सेवा द्यायच्या त्या पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. शेतकऱ्यानं प्रशिक्षण घ्यायचं ते रोग लवकर ओळखायला, टाळायला आणि डॉक्टर येईपर्यंत चूक न करायला. डॉक्टर कधी बोलवायचा हे कळणं, हेच अर्धं शिक्षण आहे. ज्वारीची कोवळी किरळ खाऊन जनावर थरथरायला लागलं, तर घरगुती उपायात एक मिनिटही घालवायचं नसतं. तिथं डॉक्टरच पाहिजे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा फुकट फोनचा नंबर आहे. तो गोठ्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

गावच्या कारभाऱ्यांनी काय करावं?

सरपंच, ग्रामसेवक, कृषी सहायक आणि शाळेचे गुरुजी, ही पाच कामं तुमची :

१. ग्रामसभेत एक विषय ठेवा : गावातून या वर्षी प्रशिक्षणाला कोण जाणार? दहा नावं घ्या. त्यांत निम्म्या बाया असू द्या.

२. ही यादी तालुका कृषी कार्यालयात 'आत्मा'कडं आणि तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडं लेखी द्या. 'आत्मा'मधून शेतकऱ्यांची प्रशिक्षणं आणि अभ्यास दौरे होतात. तोंडी मागणी विसरली जाते. अर्जावर शिक्का बसलेला असू द्या.

३. गावात जनावर अडकवायचा खोडा नीट करा. पुष्कळ ठिकाणी खोड्याचे पाइप मोडून पडलेत. खोडा नसेल तर डॉक्टर येऊनही तपासणी धड होत नाही, आणि शिकणाऱ्याला शिकताही येत नाही.

४. बारावी विज्ञानाच्या मुला-मुलींची यादी काढून त्यांना प्रवेशाची तारीख कळवा. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एक ओळ लिहायला खर्च येत नाही.

५. प्रशिक्षण घेऊन आलेल्या माणसाला पुढच्या ग्रामसभेत दहा मिनिटं बोलू द्या. एक शिकतो, चाळीस ऐकतात.

किल्लारी असो, लामजना असो, भादा, मातोळा, उजनी असो, आपल्या तालुक्यात गोठा नसलेलं गाव नाही. सोयाबीनचा भाव पडला तर वर्ष काढायला दोन म्हशी आणि चार शेळ्याच उपयोगी पडतात. त्या जगल्या तर घर जगतं.

आमच्या घरी पुढं बैलजोडी आली नाही. वडील आता थकलेत. पोळ्याला मातीचे बैल पुजतो. परवा त्यांना विचारलं, "तेव्हा कोणी सांगितलं असतं, की तोंड वर करू नका, तर ऐकलं असतं का?" ते थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, "सांगणारा आपल्याच गावचा असता, तर ऐकलं असतं."

तो गावचा माणूस तुमच्या घरातून निघू द्या. येत्या सुट्टीत एक दिवस काढा, लातूरहून उदगीरची एसटी धरा. या वेळी जनावर नेऊ नका. पोराला न्या, पोरीला न्या, नाहीतर स्वतः जा. महाविद्यालय बघा, विस्तार विभागात नाव नोंदवा. झोपा आधी करू. बैल गोठ्यातच राहील.